जखमी कामगाराच्या उपचाराचा खर्च: प्रस्तावित विधेयकाच्या तीन कलमांविषयी

आपल्या संघटनेने विधिमंडळात अशासकीय विधेयक म्हणून, म्हणजे सरकारऐवजी एखाद्या आमदारामार्फत, मांडण्यासाठी केलेला मसुदा मी दोनदा वाचला. वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर पंचवीस वर्षांच्या मुलाची दोन बोटे गेली, मालकाने पहिल्या दिवशी रुग्णालयात वीस हजार रुपये भरले आणि पुढे फोन उचलणे बंद केले, या प्रकरणातून हा मसुदा निघाल्याचे आपण कळवले आहे. त्यात तीन कलमे आहेत. पहिले, अपघातानंतरच्या उपचाराचा सगळा खर्च मालकाने थेट रुग्णालयाला द्यावा. दुसरे, डॉक्टर कामगाराच्या पसंतीचा असावा आणि मालकाच्या डॉक्टरचा दाखला कुठेही ग्राह्य धरू नये. तिसरे, अपंगत्वाची टक्केवारी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाने ठरवावी आणि ती अंतिम मानावी. सध्याचा कायदा काय सांगतो, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यात काय बदलले आणि ही कलमे टिकतील का, असे आपण विचारले आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या कामगार न्यायालयात मी सत्तावीस वर्षे नुकसानभरपाईचे दावे चालवतो आहे. त्यांतली सुरुवातीची काही वर्षे मी विमा कंपन्यांच्या बाजूने उभा राहत असे, त्यामुळे कोणत्या वाक्यातून पळवाट निघते हे मला दोन्ही टेबलांवरून पाहायला मिळाले आहे. माझे मत आधीच सांगतो. पहिले कलम योग्य दिशेचे आहे, पण अपुरे आहे. दुसऱ्याचा अर्धा भाग हवा आणि अर्धा कामगारालाच अडचणीत आणेल. तिसरे कलम मसुद्यातून काढून टाकावे.

१९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा मुळात गेलेल्या कमाईची भरपाई देण्यासाठी झाला. हात गेला तर किती, डोळा गेला तर किती, मृत्यू झाला तर वारसांना किती, याचे गणित त्यात तपशीलवार होते. औषधपाण्याचा खर्च वसूल करण्याचा हक्क मात्र नव्हता. तो २००९ च्या दुरुस्तीने आला आणि १८ जानेवारी २०१० पासून लागू झाला. कलम ४ मध्ये पोटकलम (२अ) घालण्यात आले. त्याचा आशय असा की, कामाच्या ओघात झालेल्या इजेच्या उपचारासाठी कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष केलेल्या वैद्यकीय खर्चाची त्याला प्रतिपूर्ती केली जाईल. या खर्चाला कमाल मर्यादा घातलेली नाही, ही त्यातली चांगली बाजू. सगळी अडचण ‘प्रतिपूर्ती’ या एका शब्दात आहे. ज्याने आधी खर्च केला त्यालाच तो परत मिळणार, आणि ज्याच्याजवळ खर्च करायला पैसाच नव्हता त्याचा उपचार झाला नाही, म्हणून त्याची प्रतिपूर्तीही शून्य.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते आपल्याला ठाऊकच आहे. पहिली शस्त्रक्रिया मालकाच्या पैशाने होते, कारण त्या दिवशी पोलिसात जबाब होऊ नये अशी त्याची इच्छा असते. दुसरी शस्त्रक्रिया, टाके काढल्यानंतरची फिजिओथेरपी आणि वर्षभराची ये-जा ही कामगाराच्या डोक्यावर पडते. तो हिंगोली किंवा परभणी जिल्ह्यातल्या गावी परत जातो, सोयरेधायऱ्यांकडून उसने घेतो, ते संपले की सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिन्याने उचलतो. दाव्यात औषधाच्या दुकानाची बिले दाखल करता येतात, सावकाराचे व्याज करता येत नाही. आणि हाताच्या इजेत पहिले काही आठवडे निर्णायक असतात. तुटलेला स्नायुबंध जोडल्यावर लगेचच्या दिवसांत देखरेखीखाली व्यायाम सुरू झाला नाही, तर बोट जागेवर राहते पण वळत नाही. असा हात घेऊन तीन वर्षांनी न्यायालयात आलेल्या माणसाला आपण जास्त टक्केवारी मिळवून देतो आणि तेच यश समजतो.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण आपल्या लोकांना हे सांगितलेच पाहिजे. प्रेसखाली बोट तुटून वेगळे झाले तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. थंड ठेवलेले बोट जोडण्यासाठी काही तास हाताशी राहतात, पण मनगटापासून हात गेला असेल आणि तो थंड ठेवलेला नसेल तर सहा तासांच्या आसपास सगळे संपते. जवळचा दवाखाना स्वस्त म्हणून तिथे नेऊन जखम शिवून टाकली की बोट जोडण्याची संधी गेली. तो निर्णय त्या क्षणी सुपरवायझर घेतो.

नव्या संहितेबद्दल. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९२३ चा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात सामावला गेला. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरला जाईल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. रात्रपाळी संपवून दुचाकीने गावी परतणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. ‘आयुक्त’ या शब्दाच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला. उपचाराच्या खर्चाचे वाक्य मात्र जवळजवळ जसेच्या तसे उचलले आहे. प्रतिपूर्ती कायम आहे. त्यामुळे आपल्या विधेयकाची गरज संहितेने संपवलेली नाही. ज्यांचा अपघात त्या तारखेच्या आधीचा आहे त्यांचे हक्क जुन्या कायद्यानेच मोजले जातील, म्हणून खाली मी जुन्या कलमांचे क्रमांक वापरले आहेत.

राज्याला असा कायदा करता येतो का, हा आपला उपप्रश्न. येतो. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांच्या यादीतील, चोविसाव्या नोंदीत कामगारांच्या नुकसानभरपाईचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु केंद्राच्या कायद्याशी विसंगत असे काही राज्याने केले तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची अनुमती लागते. अशासकीय विधेयक मंजूर होण्याची फारशी आशा मी बाळगणार नाही, मात्र त्या निमित्ताने सरकारला उत्तर द्यावे लागते आणि कधी कधी तीच कल्पना पुढे सरकारी दुरुस्तीत किंवा नियमांत उतरते. म्हणून मसुदा असा असावा की खात्यातल्या अधिकाऱ्याला तो उचलून वापरता येईल.

आता पहिले कलम. ‘सगळा खर्च मालकाने थेट द्यावा’ एवढेच लिहिले तर मालक पहिल्याच दिवशी म्हणेल की हा माझा कामगारच नाही, किंवा अपघात माझ्या आवारात झालाच नाही. वाद सुरू झाला की खर्च थांबला. म्हणजे खरा प्रश्न वाद चालू असतानाच्या काळाचा आहे. जबाबदारी ज्या मर्यादेपर्यंत मालकाला मान्य आहे तेवढी रक्कम त्याने तात्पुरती भरावी, असे कलम ४अ(२) मध्ये आहे. पण ते त्याच्या मान्यतेवर अवलंबून आहे आणि व्यवहारात ही मान्यता कधी येत नाही. महिनाभरात रक्कम न दिल्यास बारा टक्के सरळ व्याज आणि समर्थनीय कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, हे त्याच कलमात आहे, मात्र ही शिक्षा निकालाच्या दिवशी, म्हणजे चार-पाच वर्षांनी मिळते. २००९ च्या दुरुस्तीने दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचे बंधन घातले. ते बंधन पाळलेले एकही प्रकरण माझ्या दप्तरात नाही.

या वादकाळासाठी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २००४ च्या सुधारणेत जो उपाय केला तो मला मसुद्यात घेण्याजोगा वाटतो. तिथे कामगाराने दाव्याचा अर्ज दिला की कामकाजाच्या एका दिवसाच्या आत मालकाने उपचाराला मंजुरी द्यायची, आणि दावा मान्य किंवा अमान्य होईपर्यंत दहा हजार डॉलरपर्यंतचा उपचार सोसायचा. हा खर्च केला म्हणजे जबाबदारी कबूल केली असा अर्थ काढला जात नाही. याच शेवटच्या वाक्यात सगळे मर्म आहे. आपल्याकडच्या लहान कारखानदाराला बिल भरायला जितकी भीती वाटत नाही, तितकी भरलेल्या पावतीची वाटते. ती पुढे आपल्याविरुद्ध पुरावा होईल म्हणून तो रोख देतो, नाव लिहू देत नाही, किंवा कामगार घरी पडल्याचे रुग्णालयात सांगायला लावतो. उपचाराचा खर्च देणे ही कबुली नव्हे, असे कायद्यानेच लिहिले तर रुग्णालयात सांगितल्या जाणाऱ्या खोट्या हकिकतीचे निम्मे कारण नाहीसे होईल.

तिथला पुढचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. त्याच राज्यात प्रत्येक उपचार गरजेचा आहे की नाही हे आधी विमा कंपनीच्या बाजूचे परीक्षक तपासतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावरचा वाद न्यायाधीशाऐवजी स्वतंत्र वैद्यकीय परीक्षणाकडे जातो, जिथे कामगाराला न पाहता कागद वाचून निर्णय होतो. म्हणून आपल्या मसुद्यात ‘आवश्यक उपचार’ असा शब्द घालताना आवश्यक कोण ठरवणार हेही लिहा. माझ्या मते, उपचार करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने लिहिलेला उपचार आवश्यक समजावा, आणि तो अनावश्यक होता हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असावे.

रकमेची मर्यादा आकड्यात लिहू नका. भरपाईच्या गणितासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा २०१० मध्ये ८,००० रुपये ठरली आणि ती थेट जानेवारी २०२० मध्ये १५,००० झाली. मधली जवळजवळ दहा वर्षे, महिना बारा-चौदा हजार मिळवणाऱ्या माणसाचा हात आठ हजारांच्या हिशेबाने मोजला गेला. त्या मुलाचेच गणित पाहा. वय पंचवीस असेल तर कायद्याच्या अनुसूचीतला वयानुसार ठरलेला गुणक २१६.९१ आहे. वेतन १४,००० धरले तर त्याच्या साठ टक्क्यांना, म्हणजे ८,४०० ला, या गुणकाने गुणून १८,२२,०४४ रुपये येतात. एका हाताची दोन बोटे गेल्यास अनुसूची वीस टक्के घट धरते, म्हणजे सुमारे ३,६४,४०९ रुपये. जुन्या आठ हजारांच्या मर्यादेने तीच बोटे सुमारे २,०८,२३४ रुपयांची होती. आकडा कायद्यात गोठला की कामगाराचे नुकसान कुणाच्या लक्षातही न येता होत राहते.

पहिल्या कलमात आणखी तीन गोष्टी हव्यात. एक, उपचाराची व्याख्या. फिजिओथेरपी, कृत्रिम अवयव, त्याची पुढची दुरुस्ती, प्रवास आणि सोबतच्या माणसाचा खर्च यांची नावे सध्याच्या वाक्यात नाहीत, आणि विमा कंपनीचा वकील नेमका तिथेच हरकत घेतो. शिरूर अनंतपाळ किंवा माहूरच्या माणसाला हाताच्या तज्ज्ञ शल्यविशारदाकडे दर पंधरा दिवसांनी यायचे तर भाडे औषधापेक्षा जास्त होते. दुसरी गोष्ट विमा पॉलिसीची. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) न लागणारे कारखाने कामगार भरपाईची जी पॉलिसी घेतात तिच्यात वैद्यकीय खर्च बहुधा वेगळा हप्ता भरून आणि ठरावीक रकमेपुरता जोडला जातो. हा जोड सक्तीचा केल्याशिवाय ‘थेट द्यावा’ हे कागदावर राहील, कारण चार प्रेस टाकून बसलेल्या माणसाकडे खरोखरच एकदम दोन लाख नसतात.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. अनेक मालक, आणि काही वेळा आपलेच कार्यकर्ते, अशा रुग्णाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवतात. उपचार होतो, हे चांगलेच. पण कामगाराने ‘प्रत्यक्ष केलेला खर्च’ त्यामुळे शून्य होतो आणि मालकाची जबाबदारी सरकारी तिजोरी उचलते. कामाच्या ठिकाणच्या इजेवर योजनेतून खर्च झाला असेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार राज्याला असावा, असे कलम घाला. वित्त विभागाला आपल्या मसुद्यातले एखादे कलम आवडायचे असेल तर ते हेच असेल.

रुग्णालयाने आगाऊ रकमेसाठी रुग्णाला दारात थांबवू नये यासाठी वेगळ्या कलमाची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात अपघातग्रस्तावर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य ठरवले आहे.

मालकाने भरलेला रुग्णालयाचा खर्च पुढे भरपाईतून वजा करून घेतला जातो, आणि तडजोडीच्या वेळी कामगारालाही ते रास्त वाटते. ते बेकायदा आहे. कलम ४(२) च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की वैद्यकीय उपचारासाठी मालकाकडून मिळालेली रक्कम भरपाईपोटी मिळाली असे मानता येणार नाही. ही गोष्ट आजच्या आज वापरण्यासारखी आहे.

दुसऱ्या कलमाकडे येतो. पसंतीचा डॉक्टर हवा, यात दुमत नाही. पण मालकाच्या डॉक्टरला पूर्ण बाद करण्याआधी कलम ११ वाचा. अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने मोफत तपासणी देऊ केली तर कामगाराने ती करून घेतली पाहिजे. नाकारली किंवा अडथळा आणला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ स्थगित होतो. तपासणी न करवता स्वखुशीने कामाच्या ठिकाणाचा परिसर सोडून गेला तरी तेच. आणि मालकाने मोफत देऊ केलेले उपचार विनाकारण नाकारले, दुसऱ्या नोंदणीकृत डॉक्टरकडेही नियमित गेला नाही आणि त्यामुळे इजा वाढली, तर वाढलेला भाग हिशेबात धरला जात नाही. शेवटची तरतूद मला अन्यायाची वाटत नाही. पाय मोडलेला माणूस शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयातून स्वतःच्या जबाबदारीवर सुटी घेऊन हाडवैद्याकडे गेला आणि हाड वाकडे जुळले, अशी प्रकरणे मी दोन्ही बाजूंनी लढवली आहेत. कामगाराच्या वकिलाने त्याला हे आधी सांगायला हवे असते.

अन्याय आहे तो परिसर सोडून जाण्याच्या अटीत. वाळूजला किंवा जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत काम करणारा माणूस पत्र्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. प्लास्टर घातल्यावर त्याला भाकर करून घालणारे कुणी नसते, म्हणून तो गावी जातो. त्याला ‘स्वखुशीने गेला’ म्हणणे वास्तवाला धरून नाही. त्यामुळे बंदीऐवजी असे लिहा: मालकाला तपासणीचा हक्क राहील, परंतु ती कामगार जिथे उपचार घेत आहे किंवा राहत आहे त्या तालुक्यात करावी लागेल, अहवालाची प्रत सात दिवसांत कामगाराला द्यावी लागेल, आणि उपचार कोणाकडे घ्यायचा हे कामगार ठरवील. मालकाच्या डॉक्टरचा अहवाल रद्द ठरवण्यापेक्षा त्याची प्रत हातात पडणे आपल्याला जास्त उपयोगी आहे. उलटतपासणीत विमा कंपनीच्याच डॉक्टरच्या पहिल्या अहवालाने मी जितके दावे जिंकले, तितके आमच्या डॉक्टरच्या साक्षीने जिंकले नाहीत.

तिसऱ्या कलमाला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि कारण सविस्तर सांगतो, कारण ते वरवर पाहता सर्वांत निरुपद्रवी दिसते. सरकारी मंडळ अपंगत्वाचा जो दाखला देते तो शरीराची हानी मोजतो: सांधा किती अंशात वळतो, पकड किती राहिली. सवलतींसाठी, ओळखपत्रासाठी तो ठीक आहे. नुकसानभरपाईच्या कायद्याने मात्र मोजायची असते ती कमाईच्या क्षमतेतली घट. अनुसूचीत नाव असलेल्या इजांना टक्केवारी ठरलेली आहे: अंगठा तीस, चार बोटे पन्नास, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावणे चाळीस. बाकी इजांमध्ये, म्हणजे पाठीचा कणा, डोक्याला मार, भाजणे, मोडलेला पाय, नोंदणीकृत डॉक्टरने कमाईच्या क्षमतेतली घट सांगायची असते. हा डॉक्टर सरकारीच असला पाहिजे असे कायदा म्हणत नाही, ही गोष्ट अनेक वकिलांनाही ठाऊक नसते.

या दोन मोजमापांतले अंतर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या निकालात सर्वांत स्वच्छ दिसते. १९७६ च्या निवाडेसंग्रहांत छापलेले हे प्रकरण एका सुताराचे आहे. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, अनुसूचीप्रमाणे ही आंशिक हानी आहे. न्यायालयाने म्हटले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे, आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. आपले तिसरे कलम त्या वेळी लागू असते तर मंडळाची टक्केवारी अंतिम ठरली असती आणि न्यायालयाला ‘हा माणूस कोणते काम करत होता’ हे विचारायची वाटच उरली नसती. लातूर-उदगीरच्या डाळ मिलमध्ये पोती वाहणाऱ्या हमालाच्या कण्याला मंडळ वीस टक्के देईल. त्या वीस टक्क्यांनी त्याची कमाई शंभर टक्के जाते. मंडळाचा अहवाल पुरावा म्हणून जरूर घ्यावा, तो सिद्ध करायला साक्षीला डॉक्टर यावा लागतो ही अडचणही सोडवावी, दूरदृश्य साक्षीची सोय करावी, पण अंतिम शब्द न्यायाधीशाचा राहू द्यावा.

ईएसआयचा मसुद्यात उल्लेखच नाही, तो हवा. दहा किंवा अधिक कामगारांच्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामावरच्या इजेचे संरक्षण असते, उपचार बिनपैशाचा असतो आणि तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. जुन्या नुकसानभरपाई कायद्यात ती दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, एवढी आहे. त्या बदल्यात जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मुळे नुकसानभरपाईचा वेगळा दावा बंद होतो. म्हणजे उपचार आणि चालू खर्चाच्या बाबतीत ईएसआय सरस, एकरकमी हातात पडण्याच्या बाबतीत नुकसानभरपाईचा कायदा सरस. एकरकमेच्या मोहाने ‘मला ईएसआय नको’ म्हणणाऱ्या कामगारांना हे समजावून सांगावे लागते. उलट, ठेकेदार अपघाताच्या संध्याकाळी नोंदणी करून कामगाराला ईएसआयमध्ये ढकलतो, हाही प्रकार मी पाहिला आहे. मालकाने वर्गणी भरली नसेल तरी महामंडळ लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकते, म्हणून उपचार अडवून ठेवू नये. मात्र नोंदणीची तारीख आणि वेळ लगेच मागून घ्यावी.

कारखान्यांबाहेरचा कामगार मसुद्यात जवळजवळ नाहीच, आणि मराठवाड्यात तोच जास्त आहे. मळणी यंत्रात हात गेलेला शेतमजूर या कायद्यात येतो, कारण यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी केलेल्या शेतीकामाचा अनुसूचीत उल्लेख आहे. त्याचा मालक दहा एकरांचा शेतकरी असतो, तोही कर्जात. अशा ठिकाणी थेट खर्चाचे कलम फक्त नातीगोती तोडेल. तिथे यंत्राच्या विम्यालाच मजुराच्या उपचाराची जोड सक्तीने द्यावी लागेल. ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारासाठी कलम १२ प्रमाणे काम करवून घेणारा मुख्य मालक जबाबदार असतो आणि तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. हेच तत्त्व उपचाराच्या खर्चालाही लागू आहे, असे एका ओळीत लिहा, नाहीतर मुकादम पुढे करून सगळे मोकळे होतील. परजिल्ह्यात अपघात झाला तरी दावा कामगार जिथे राहतो तिथे करता येतो, हे कलम २१ मध्ये आहे. बीडच्या माणसाने कोल्हापूरला तारखांना जाण्याची गरज नाही.

त्या मुलाच्या प्रकरणात विधेयकाची वाट पाहायची नाही. मालकाला लेखी सूचना स्पीड पोस्टाने, नोंदणीसह, आजच पाठवा. दाव्याची मुदत दोन वर्षांची असली तरी कलम ११ चे तीन दिवस सूचनेपासूनच मोजले जातात. रुग्णालयातून भरतीच्या वेळची नोंद मागवा आणि तीत अपघाताचे ठिकाण काय लिहिले आहे ते पाहा. ‘घरी पडला’ असे असेल तर ज्याने ते सांगितले त्याचे नाव नोंदीत असते. औषधाच्या प्रत्येक बिलावर रुग्णाचे नाव आणि डॉक्टरची चिठ्ठी हवी, प्रवासाची तिकिटे जपून ठेवा. वीस हजार भरपाईपोटी मिळाले अशा मजकुरावर, तो मालक कितीही गोड बोलला तरी, सही करू देऊ नका. हात अजून वळत नसेल तर त्याला याच आठवड्यात घाटीत फिजिओथेरपीसाठी दाखवा आणि केसपेपरची प्रत माझ्याकडे पाठवा. दाव्याचा अर्ज मी त्यावरून तयार करीन.